आईला गोष्ट माहीत आहे, तू फक्त तिकिटं काढ

प्रिय मावशी,

मी हॅरोला राहते. लग्न होऊन इथे आले त्याला सोळा वर्षं झाली. जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून येताहेत. आईचे गुडघे बघता ही त्यांची बहुधा शेवटचीच लंडनवारी. आई 71 वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. साने गुरुजींच्या ‘दुःखी’तली बिशपची आणि चांदीच्या शमादानांची गोष्ट ती दर वर्षी चौथीच्या वर्गाला सांगायची. मीही त्या वर्गात होते. त्याच मूळ कादंबरीवरचं, व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’चं संगीत नाटक इथे चालू आहे आणि मला आईला ते दाखवायचंय.

पण पुण्याचा दादा म्हणतो, “त्यांना इंग्रजी गाण्यातलं काय कळणार? झोपतील.” नवरा म्हणतो मादाम तुसाँ पुरे. आई म्हणते, “नको गं, उगाच खर्च.” बाबा कोर्टात नाझर होते, त्यांना आता कमी ऐकू येतं. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला सगळी गाणी पाठ आहेत, पुस्तक मात्र त्यानेही वाचलेलं नाही आणि मीही नाही. शिवाय नाटकात वेश्यावस्तीचा प्रसंग आहे म्हणे. आई-बाबांच्या आणि मुलाच्या मध्ये बसून मी तो बघू कशी? नाटकाआधी आईला सगळं नीट समजावून सांगू का? मी आधी पुस्तक वाचू का? की तुसाँच बरं?

— दोन्हीकडून ओढलेली लेक

प्रिय लेकी,

तुसाँ नको. मेणाच्या पुतळ्याशेजारचा फोटो आई सांगलीला परत गेल्यावर समोरच्या काकूंना एकदा दाखवेल, आणि मग तो मोबाइलमध्ये कुठे गेला ते तिला परत सापडायचं नाही.

समजावून सांगायच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ती चूक मी स्वतः करून बसलेली आहे. माझी आई होती तेव्हाची गोष्ट. एका गाजलेल्या मराठी कादंबरीवरचं नाटक लागलं होतं आणि ती कादंबरी आईने वाचनालयातून चार वेळा तरी आणली असेल. मी हौसेने तिला घेऊन गेले. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला आणि माझं तोंडही उघडलं. हा कोण, ती कोण, हा आता पुढे काय करणार, पुस्तकातला अमुक प्रसंग त्यांनी कसा गाळलाय, सगळं तिच्या कानात. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिलं. आई काही बोलली नाही. मध्यंतरात वड्याचा कागद हातात धरून तिने शांतपणे सांगितलं, “तू जरा गप्प बस गं. पुढे काय होतं ते मला माहीत आहे. मला ते होताना बघायचंय.”

दुसऱ्या अंकात मी गप्प बसले. खरं म्हणजे नाटक मी त्या दिवशी तिथून पुढेच बघितलं.

तुझ्या आईचंही तसंच आहे. दादा, नवरा आणि तू, तिघांनीही धरून चाललंय की कळण्या-न कळण्याचा प्रश्न तिचा आहे. अगं, तुमच्या घरात ही गोष्ट येणारी ती एकटी आहे! तुझा मुलगा गाणी ओळखतो, तू नाटकाचं नाव ओळखतेस, पण व्हालजाँ पाव चोरून तुरुंगात गेला, पाच वर्षांची शिक्षा पळून जायच्या प्रयत्नांपायी एकोणीस वर्षांची झाली, आणि सुटून आल्यावर त्याला कोणी दारात उभं करेना, हे किती चौथीच्या वर्गांना कोणी सांगितलं? म्हणून तू तिला समजावू नकोस. ती आली की पहिल्या रविवारी, जेवणं झाल्यावर, नातवाला समोर बसवून तिलाच गोष्ट सांगायला लाव. मग त्याने तिला दोन गाणी ऐकवावीत. दोनच. सगळी ऐकवली तर थिएटरात ऐकायला काय उरणार? आणि त्या गाण्यांवरचा सिनेमा आधी मुळीच लावू नका. तोंडासमोर एवढाले चेहरे बघून आलं की रंगमंचावरची माणसं मुंगीएवढी वाटायला लागतात.

आता दादा. तो सांगलीचाच ना? 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं ते त्याच्याच गावात. देवल शेजारच्या हरिपूरचे. त्यांनी ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला. आणि ‘संशयकल्लोळ’? ते मुळात मोलिएरचं, म्हणजे फ्रेंच. तिथून ते मर्फी नावाच्या नाटककाराने इंग्रजीत नेलं आणि इंग्रजीतून देवलांनी उचललं. फाल्गुनराव परका वाटला म्हणून सांगलीत कोणी झोपल्याचं माझ्या ऐकिवात नाही. विलायती गोष्ट आपल्या पद्धतीने पचवायची सवय तुमच्या गावाला शंभर वर्षांहून जुनी आहे, असं त्याला माझ्या नावाने कळव. शिवाय तो स्वतः येत नाहीये, त्याच्या मताचं तिकीट काढायचं कारण नाही.

ह्यूगोचं हे नाटकही असंच फिरून आलेलं आहे. कादंबरी 1862 ची. नाटक पहिल्यांदा 1980 मध्ये पॅरिसला झालं, फ्रेंचमध्ये. संगीत क्लोद-मिशेल शोनबर्गचं, गीतं आलँ बुब्लिल आणि जाँ-मार्क नातेल यांची. हर्बर्ट क्रेट्झमरने ती इंग्रजीत आणली आणि 8 ऑक्टोबर 1985 ला लंडनच्या बार्बिकनमध्ये प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत समीक्षकांनी चांगलंच सोललं होतं. लोकांनी पेपर बाजूला ठेवून तिकीटखिडकीवर रांग लावली. करोनाच्या काळातली सुट्टी सोडली तर ती रांग अजून संपलेली नाही.

भाषेबद्दल एवढंच सांगते, की आपल्या संगीत नाटकाची अपेक्षा घेऊन जाऊ नका. आपल्याकडे गद्य संपतं, ऑर्गनवाला सूर देतो, पात्र दोन पावलं पुढे येऊन पद म्हणतं, पद रंगलं तर वन्समोअर येतो आणि कथानक मुकाट्याने पाच मिनिटं बाजूला उभं राहतं. इथे गद्य जवळजवळ नाहीच. भांडण गाण्यात, पोलीसचौकशी गाण्यात, खानावळीचं बिलसुद्धा गाण्यात. सगळे शब्द आईला कळणार नाहीत, कबूल. पण समूहगीतातले सगळे शब्द शेजारच्या इंग्रज बाईलाही कळत नसतात, ती फक्त चेहऱ्यावर तसं दाखवत नाही.

आईला एक गोष्ट मात्र आधी सांग, कारण तिचा हिरमोड तिथेच व्हायची शक्यता आहे. तिचा बिशप नाटकात चुटकीसरशी येतो आणि जातो. ह्यूगोने कादंबरीची सुरुवातच त्या म्हाताऱ्यापासून केलीय. पहिली 14 प्रकरणं तो काय खातो, कुठे झोपतो, पगार कसा वाटून टाकतो हेच चाललेलं असतं आणि व्हालजाँचा पत्ताही नसतो. म्हणजे चांदी कोणाची चोरीला जाणार आहे ते आपल्याला आधी पूर्ण माहीत होतं, मगच चोर दार ठोठावतो. नाटकाला एवढा वेळ नाही. बसल्या बसल्या चोरी होते, शिपाई त्याला धरून आणतात, बिशप म्हणतो अरे, शमादानं विसरलास की, आणि झालं. ज्या गोष्टीवर तुझ्या आईने तीस वर्षं वर्ग शांत बसवले ती तिथे काही मिनिटांत उरकते. हे आधी ठाऊक असलं तर ती त्या मिनिटांवर डोळे लावून बसेल. नसलं तर पिशवीतून चष्मा काढेपर्यंत प्रसंग संपलेला असेल. चष्मा आधीच लावायला सांग. आणि तिला एक काम दे: शेवटी, व्हालजाँच्या अखेरच्या क्षणी, ती शमादानं पुन्हा दिसतात का बघ म्हणावं. कादंबरीत ती तेव्हा पेटलेली असतात.

बाकी गाळलंय ते भरपूर. वॉटर्लूची लढाई नाही, जोगिणींच्या मठात काढलेली वर्षं नाहीत, पॅरिसच्या गटारांचा इतिहास नाही (तो गाळल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे). बंडखोरांनी रस्त्यात रचलेल्या बॅरिकेडवरचा तो चिमुरडा गाव्रोश खरं तर त्या लबाड खानावळवाल्या तेनार्दियेचाच टाकलेला मुलगा, हे नाटक सांगत नाही. आईने नातवाला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघ. तेनार्दियेबद्दल माझा जुना राग आहे. ह्यूगोचा तेनार्दिये वाचताना अंगावर काटा येतो, नाटकातल्या तेनार्दियेला लोक टाळ्या देतात. आणि बंडातला तरुण मारियुस आणि व्हालजाँने वाढवलेली कोझेत यांचं प्रेम पुस्तकातही गुळमट आहे, नाटकात तर पाकच होतो. तेव्हा जांभई आली तर येऊ दे.

मग बघायचं कशाला, असं नवरा विचारेल. त्याला पहिल्या अंकाच्या शेवटाचं सांग. उद्या बंड होणार, अशी आदली रात्र. व्हालजाँला पळून जायचंय, कोझेत-मारियुसची ताटातूट होतेय, एपोनीनचं एकतर्फी प्रेम जळतंय, व्हालजाँच्या मागावरचा पोलीस अधिकारी जाव्हेर पाळत ठेवायची तयारी करतोय, तेनार्दिये मेलेल्यांचे खिसे कापायचे बेत करतोय, पोरं बंदुका गोळा करताहेत. कादंबरीकार बिचारा काय करणार? एकाचं सांगून झालं की दुसऱ्याकडे, त्याचं झालं की तिसऱ्याकडे, आणि वाचणाऱ्याने सगळे दोर हातात धरून ठेवायचे. रंगमंचावर ती सगळी माणसं एकाच वेळी उभी राहतात आणि आपापलं गाणं एकमेकांच्या गाण्यात घालून गातात. प्रत्येकाला वाटतंय उद्याचा दिवस आपला. प्रेक्षकाला एकदम सगळं दिसतं. कागदावर हे होत नाही, म्हणून नाटक. मी पाहिलं तेव्हा अजून फिरता रंगमंच होता आणि थिएटरचं नाव क्वीन्स होतं. 2019 पासून ते सॉन्डहाइम झालं, फिरता रंगमंच गेला, आणि आता मागच्या पडद्यांवरची दृश्यं ह्यूगोने स्वतः काढलेल्या चित्रांवरून बेतलेली आहेत. तो शाईने अशी काळीकुट्ट, धुरकट चित्रं काढायचा. आईला हे नक्की सांग. लेखक चित्रकारही होता म्हटलं की शिक्षिकेला बरं वाटतं.

मुलाला एक दुरुस्ती कळव. तो मित्रांना हे फ्रेंच राज्यक्रांतीचं नाटक म्हणून सांगत असेल, सगळे तसंच सांगतात. राज्यक्रांती 1789 ची. हे बंड 1832 च्या जूनमधलं, लामार्क नावाचा लोकप्रिय जनरल कॉलऱ्याने गेला, त्याच्या अंत्ययात्रेतून पेटलेलं आणि दोन दिवसांत चिरडलेलं. ह्यूगो तेव्हा पॅरिसमध्येच होता, गोळीबार सुरू झाला तेव्हा रस्त्यात अडकला होता. कादंबरी पूर्ण झाली त्यानंतर तीसेक वर्षांनी, तो हद्दपारीत गर्नसी बेटावर राहत असताना. तुम्हीसुद्धा जूनमध्येच जाताय, बघ.

वेश्यावस्तीच्या प्रसंगाचं काय करायचं? काही नाही. कोझेतची आई फाँतीन कारखान्यातून हाकलली जाते, मुलीसाठी पैसे पाठवायचे असतात, आधी गळ्यातलं विकते, मग केस, मग स्वतःला. कादंबरीत पुढचे दातही विकते. तो प्रसंग चावट नाही, वाईट आहे. 71 वर्षांच्या बाईने आयुष्यात याहून कमी पाहिलं असेल असं तुला का वाटतं? अवघडणार ती तू, आणि थोडा मुलगा. म्हणून बसायची व्यवस्था अशी कर: आईच्या एका बाजूला नातू, दुसऱ्या बाजूला बाबा, त्यांच्या पलीकडे तू, वाटेच्या खुर्चीवर. अंधारात कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही. खानावळीच्या गाण्यातले द्व्यर्थी विनोद बाबांना कळले तर ते हसतील, नाही कळले तर प्रश्नच मिटला.

आता व्यवहाराचं. दुपारचा खेळ घे. मध्यंतर धरून पावणेतीन तासांच्या वर वेळ लागतो, रात्रीचा खेळ घेतलास तर घरी येईपर्यंत आईचे पाय सुजतील. पहिला अंक दीड तासाच्या आसपास असतो. म्हणून आत शिरल्या शिरल्या, गरज असो नसो, आईला स्वच्छतागृहात ने. मध्यंतरात बायकांची रांग जिन्यापर्यंत येते, या बाबतीत लंडन आणि सांगलीत काडीचा फरक नाही. स्वस्त पडतं म्हणून सगळ्यात वरची बाल्कनी घेऊ नकोस. ती इतकी उभी उतरती असते की गुडघेदुखीचं माणूस खुर्चीपर्यंत पोचायच्या आधीच घाबरतं. अगदी पुढची रांगही नको, मान वर करून बसावं लागतं आणि बॅरिकेडवरची पोरं पूर्ण दिसत नाहीत. मधली जागा, कमी पायऱ्यांची. तिकीट काढण्याआधी थिएटरला फोन कर, गुडघे आणि कान दोन्ही सांग. पायऱ्या कुठे किती ते तेच सांगतात, आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे काय सोय आहे तेही. शब्द पडद्यावर दाखवणारे खेळही अधूनमधून असतात. तुमच्या तारखांत तसा एखादा बसला तर डोळे मिटून घे. बाबांनी कोर्टात जन्मभर इंग्रजी कागद वाचलेत, त्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं. बंदुकांचे बार मोठे असतात, तेवढं आधी कानावर घाल.

हॅरो अँड वील्डस्टोनहून बेकरलू लाइन थेट पिकॅडिली सर्कसला जाते, गाडी बदलायला नको. पण त्या स्टेशनात लिफ्ट नाही, सरकते जिने आहेत. नऊवारी असो की पाचवारी, सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना आई थबकणारच. तिच्या पुढे तू, मागे मुलगा. येताना टॅक्सी कर आणि पैशाचा विषय काढू नकोस. लवकर निघा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या, लेस्टर स्क्वेअरच्या बागेत शेक्सपिअरचा पुतळा आहे, त्याच्यासमोर बाकावर बसून खा. थिएटरात डबा उघडायचा नाही, आणि चिवडा तर अजिबात नाही.

खर्चाचं आईला काय सांगायचं? ऑफिसातून फुकट मिळाली असं सांगू नकोस. ही थाप आपल्या पिढीने इतक्या वेळा मारलीय की कुठल्याच आईला ती पटत नाही. आकडा सांगू नकोस एवढंच, कारण बाबा मनात शंभरने गुणतील आणि पूर्ण पहिला अंक गुणाकारात जाईल. तिकिटं ती निघायच्या आधी काढून ठेव आणि फोनवर सांग, “काढलीत. आता परत घेत नाहीत.” हे खरंही आहे. फुकट जाईल म्हटलं की आपल्या आया कुठेही येतात.

पुस्तकाचं म्हणशील तर पाच आठवड्यांत हजारभर पानांच्या वरची ती कादंबरी वाचायला घेऊ नकोस. वॉटर्लूपाशी अडकशील आणि नाटकाला अपराधी चेहऱ्याने जाशील. आईलाच सांग, येताना ‘दुःखी’ घेऊन ये. ती म्हणेल, बॅगेत जागा नाही, तुझा गोडा मसाला आणि मेतकूट आहे. मेतकूट अर्धा किलो कमी आण म्हणावं. नाटक बघून आलात की ते पुस्तक तुझ्याकडेच ठेवून घे. तिने पेन्सिलीने समासात काही खुणा केल्या असतील तर त्या आधी वाच.

बाबांची मला अजिबात काळजी नाही. ते नाझर होते म्हणतेस. म्हणजे समन्स-वॉरंट घेऊन बेलिफ कुठे गेला, कागद बजावला की दाराला चिकटवून आला, हे जन्मभर त्यांच्या टेबलावर आलं. त्यांना या नाटकात त्यांचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत भेटणार आहे. जाव्हेर. व्हालजाँने पॅरोल मोडला म्हणजे मोडला, पुढे माणूस महापौर झाला काय आणि त्याने गरिबांना किती दिलं काय, वॉरंट वॉरंटच्या जागी आहे. हा माणूस दुष्ट नाही, म्हणूनच तो त्रास देतो. त्याचं शेवटी काय होतं ते तुला सांगत नाही, तू वाचलेलं नाहीस. पण त्या रात्री तुझ्या घरी जेवताना आई बिशपच्या बाजूने आणि बाबा जाव्हेरच्या बाजूने बोलायला लागले, तर मध्ये पडू नकोस. मुलालाही पडू देऊ नकोस.

आणि हो, मध्यंतरात आइस्क्रीमचे छोटे डबे विकायला येतात. चमचा झाकणाच्या आत लपवलेला असतो. बाबा तो शोधत बसतील आणि मग कोणाला तरी विचारायला उठतील, तेवढ्यात घंटा होईल. आधीच काढून हातात दे.

जाव्हेरचं काय ठरलं ते मला कळव.

— तुझी मावशी